ब्लूबेरीला आग्रह करू नका

गेल्या अंकात मी एका ओळीत सहज लिहून गेले की आमच्या गच्चीवरच्या ब्लूबेरीला यंदा सतरा फळं लागली, आणि मग जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. पत्रं आली, मेसेज आले, कपिलतीर्थात भाजी घेताना दोघींनी गाठलं, एकानं तर बँकेच्या लायनीत उभं राहून फोटो दाखवले. सतरा फळं म्हणजे किती ओ, तळहातावर मावतात. आणि तीन रोपं आणली होती त्यातली दोन मेली हे मी तेव्हा लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते म्हणजे कुणाचा गैरसमज नको. म्हणून यावेळी गुलाब, मोगरा, कढीपत्ता सगळ्यांना सुट्टी, पूर्ण सदर ब्लूबेरीला.

काकी, दीड वर्षापूर्वी एका नर्सरीतून ब्लूबेरी म्हणून साडेचारशे रुपयांना रोप आणलं. झाड झकास वाढलंय, काही त्रास नाही, पांढरी फुलं आली, वास पण छान. पण आता काटे यायला लागलेत. ब्लूबेरीला काटे असतात का?
— एक गृहिणी, राजारामपुरी

नसतात हो. एक काम करा, एक पान तोडा आणि देठाकडं बघा. पांढरं दूध आलं, पानं समोरासमोर जोडीनं असली, काटे असले, फुलाला वास असला, तर अभिनंदन, तुमच्याकडं साडेचारशे रुपयांचं करवंद आहे, जे पन्हाळ्याच्या वाटेवर फुकट उगवतं. "काही त्रास नाही" असं तुम्ही लिहिलंत तिथंच मला शंका आली होती, कारण ब्लूबेरी आपल्याकडं त्रास न देता राहतच नाही.

खऱ्या ब्लूबेरीची पानं एकाआड एक येतात, एक इकडं एक तिकडं, पान छोटं, गुळगुळीत, चिक अजिबात नाही, काटा नाही. फूल म्हणजे उलटा लटकवलेला बारका तांब्या, तोंडाशी आवळलेला. कुणी जांभळाचं रोप पण ब्लूबेरी म्हणून खपवतात, त्याची पानं समोरासमोर असतात आणि चुरगाळली की उग्र वास येतो, ते ओळखायला सोपं. आणि रोप घेताना जातीचं नाव विचारा. नुसतं "ब्लूबेरी" म्हणून विकणारा एकतर स्वतः फसलाय नाहीतर तुम्हाला फसवतोय. ऑनलाइन बियांची पाकिटं मिळतात त्यावर निळी स्ट्रॉबेरी, काळा गुलाब असले फोटो असतात, तिकडं बघू पण नका.

करवंद काढू नका मात्र. लोणचं घाला, मला पण थोडं द्या.

बाई, ओळखलं नसेल, मी तुमचा सातवीतला विद्यार्थी, आता नागाळा पार्कात राहतो. ब्लूबेरीचं रोप आणलं (बिलॉक्सी जात, पुण्याहून). चांगली काळी माती, अर्धं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि थोडी चुलीतली राख घालून सिमेंटच्या मोठ्या कुंडीत लावलं. दोन महिन्यांत नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अजून खत देऊ का?

ओळखलं रे, अक्षरावरून ओळखलं. आणि खत देऊ नकोस, हात जोडते. तू झाडाला जे जे प्रेमानं दिलंस ते सगळं त्याला विषासारखं झालंय, आणि यात तुझी चूक नाही, कोल्हापुरात पाहुणा आला की ताटात दोन पळ्या जास्तच पडतात, आपली ती सवय. पण ब्लूबेरी हा असा पाहुणा आहे की ज्याला आंबट, हलकं आणि थोडंच लागतं. आग्रह केला की आजारी पडतो.

कारण सांगते. हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेतल्या आंबट, दलदलीच्या काठच्या, रेताड, गरीब जमिनीतलं. मातीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट, तो ४.५ ते ५.५ लागतो. आपली नदीकाठची काळी माती ७.५ ते ८.५ असते, त्यात चुनखडी. पीएचमध्ये एकचा फरक म्हणजे दसपट, दोनचा म्हणजे शंभरपट, हे मी तुम्हाला शिकवलं होतं का नाही आठवत नाही, बहुतेक ते वरच्या वर्गात असतं. म्हणजे तुझं रोप त्याला हवं त्याच्यापेक्षा शेकडो पटीनं कमी आंबट मातीत उभं आहे. दुसरं म्हणजे या झाडाच्या मुळांना केसमुळंच नसतात. बाकीच्या झाडांना मुळांवर बारीक लव असते तिनं ती पाणी-अन्न ओढतात, याची मुळं नुसती दोऱ्यासारखी बारीक, वरवरच्या थरात पसरणारी, आणि रानात त्यांच्या सोबतीला एक बुरशी राहते ती मदत करते. त्यामुळं चिकट काळी माती त्यांना भिंतीसारखी वाटते.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोह न मिळाल्याचं लक्षण. उसावर केवडा पडतो ना, तोच प्रकार. मातीत लोह असतं, पण पीएच वर गेला की ते विरघळत नाही, समोर ताट आणि तोंडाला कुलूप. राख घातलीस ती अल्कली, शेणखतात क्षार आणि पीएच पण सातच्या वरच, आणि सिमेंटची कुंडी तर दर पाण्याला थोडा थोडा चुना सोडत राहते. सिमेंटची कुंडी जास्वंदीला दे.

आता काय करायचं. रोप काढ, मुळांची माती बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं सोडव, ओढाताण नको. पंधरा इंची ग्रो बॅग किंवा प्लास्टिकची मोठी कुंडी घे, खाली भोकं भरपूर. मिश्रण असं, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), एक भाग भाताचं तूस. कोकोपीट तीनदा धुवून, पिळून घ्यायचं, त्यात मीठ असतं. पीट मॉसचा स्वतःचा पीएचच ३.५ ते ४.५, महाग आहे पण छोटी पिशवी एका कुंडीला पुरते, इथं कंजूषपणा करू नको. तूस आजरा-चंदगडकडनं कुणी येत असेल तर मागव, गिरणीत फुकट मिळतं, पण जळकं काळं तूस नको, ती परत राखच. माती शून्य. हो, शून्य. वरून एक चमचा गंधकाची पावडर भुरभुरायची आणि वरच्या इंचभर थरात मिसळायची, द्राक्षवाले भुरीवर मारतात ते सल्फर चालतं, कृषी सेवा केंद्रात मिळतं. गंधक लगेच काम करत नाही, मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, दोन-तीन महिने लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात "काही झालं नाही" म्हणून परत चमचा घालायचा नाही.

तोवर पानांवर फवारा दे, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (त्यात लोह असतं) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, संध्याकाळी, दहा दिवसांनी परत. नवीन पानं हिरवी आली तर समजायचं गाडी रुळावर. जुनी पिवळी पानं मात्र सगळीच परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडं बघत बसू नको.

आणि शाळेतला लिटमस कागद वापरायचा विचार मनात आला असेल तर सोड. लिटमस साडेचारच्या खाली लाल आणि सव्वाआठच्या वर निळा, आपल्याला कळायला हवं ते नेमकं मधलं, तिथं तो नुसता जांभळट राहतो. पीएचच्या रंगीत पट्ट्या मिळतात त्या आण. एक वाटी मिश्रण, दोन वाट्या पावसाचं किंवा एसीचं पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची. दोन सुयांचे बिनबॅटरीचे मीटर मिळतात, माझ्याकडं आहे एक, ते लिंबात खुपसलं तरी सात दाखवतं.

आमच्या कॉलनीत बोअरचंच पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो. कोकोपीट, पीट मॉस सगळं तुमच्यासारखंच केलं. पहिले चार महिने भारी, मग परत पिवळं. मिश्रण बदलू का?
— निवृत्त एसटी कर्मचारी, पाचगाव

मिश्रण नको बदलू, पाणी बदला. माझं दुसरं रोप असंच गेलं, म्हणून हे उत्तर मी जरा तळमळीनं देतेय.

बादलीला जो पांढरा थर बसतो तो चुन्याचाच. रोज एक तांब्या बोअरचं पाणी म्हणजे रोज चिमूटभर चुना, चार महिन्यांत शंभर-सव्वाशे चिमट्या, मग पीट मॉस किती दिवस लढणार. लोक मातीचा पीएच बघतात आणि पाण्याचा बघत नाहीत.

सगळ्यात चांगलं पाणी आपल्याकडं वरून पडतं. जून ते सप्टेंबर पन्हाळीखाली पिंप लावा, पावसाचं पाणी मुळातच जरासं आंबट असतं, साधारण ५.६. पिंपाला झाकण आणि जाळी घट्ट हवी, नाहीतर ब्लूबेरी राहिली बाजूला, डेंग्यूचे डास आधी तयार होतील. दोनशे लिटरचं एक पिंप दोन कुंड्यांना उन्हाळ्याआधीपर्यंत बऱ्यापैकी साथ देतं. शेजारी एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी मागा, ते जवळजवळ डिस्टिल्ड, द्यायला कोण नाही म्हणत नाही. आरओचं पिण्याचं पाणी चालतं, पण आरओची जी वाया जाणारी नळी असते तिचं पाणी चुकूनसुद्धा नको, सगळे क्षार तिच्यातच येतात. बरीच मंडळी पाणी वाचवतो म्हणून तेच झाडांना घालतात, बाकी काही झाडं सोसतात, ही नाही सोसत.

काहीच नसेल आणि बोअरच घालायचं असेल तर दहा लिटरच्या बादलीत पाव चमचा लिंबूसत्त्व विरघळवा, पट्टीनं बघा, परत पाव चमचा, परत पट्टी, साडेपाचच्या आसपास आलं की थांबा. किती लागेल ते तुमच्या बोअरवर, मी आकडा दिला तर तुम्ही तोच धरून बसाल. लिंबूसत्त्व मातीत जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळं हा टिकाऊ उपाय नाही, सोबत वर्षातून दोनदा चमचाभर गंधक लागतंच. आणि महिन्यातून एकदा कुंडी चांगली धुवून निघेल इतकं पावसाचं पाणी खालनं वाहू द्या म्हणजे साठलेले क्षार निघतात.

चहाचा चोथा, कॉफीची भुकटी, आंबट ताक, तुरटी, व्हिनेगर यातलं नक्की काय घालायचं? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सांगतात.
— मंगळवार पेठ, तिघी मैत्रिणी

तिघींनी मिळून एक पत्र लिहिलंत, छान वाटलं.

कॉफीची वापरलेली भुकटी आंबट असते हा मोठा गैरसमज, आंबटपणा बराचसा तुमच्या कपात उतरलेला असतो, खाली राहतं ते सातच्या जवळपासच. चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर मुंग्या. धुवून, वाळवून थोडा वर पसरला तर आच्छादन म्हणून ठीक, औषध म्हणून नाही.

ताक कढीपत्त्याला आपण घालतोच, आणि तालमीत हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल कालवतात ते मंगळवार पेठेला मी काय सांगणार. पण तो आखाडा पैलवानासाठी, मुळांसाठी नाही. ताकातलं आम्ल चार दिवसांत संपतं आणि मागे राहतो वास, चिलटं आणि वर एक चिकट साय, तिनं वरच्या थरातली मुळं गुदमरतात. तुरटीनं पीएच खरंच खाली येतो, पण तिच्यात ॲल्युमिनियम, ते या मुळांना बाधतं, नको. व्हिनेगर पाणी आंबट करायला लिंबूसत्त्वासारखं चालतं, लिटरला जास्तीत जास्त एक चमचा, थेट बाटली उपडी करायची नाही (एका वाचकानं केली, त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय).

खत म्हणाल तर अमोनियम सल्फेट, एका कुंडीला महिन्यातून अर्धा चमचा, पाण्यात विरघळवून, तेही झाड वाढत असताना. या झाडाला नत्र अमोनियाच्या रूपातला लागतो, नायट्रेट त्याला नीट पचत नाही, आणि अमोनियम सल्फेटनं आंबटपणा पण टिकतो, एका दगडात दोन पक्षी. पोटॅश द्यायचं तर सल्फेटवालं, उसाला घालतो ते तांबूस म्युरेट नाही, त्यातल्या क्लोराइडनं पानांच्या कडा जळतात. कारखान्याची मळी, गांडूळखत, जीवामृत हे सगळं चांगलंच आहे पण शेजारच्या वांग्याला.

ब्लूबेरी थंडीतलं झाड आहे ना. कोल्हापुरात थंडी कुठाय? मुलगा म्हणतो डिसेंबरात रोज रात्री कुंडीत बर्फाचे खडे टाकूया.
— ताराबाई पार्क

मुलाचं डोकं चालतंय, पण बर्फ नको. थंडी कळ्यांना लागते, मुळांत बर्फ टाकून काही होत नाही, उलट मुळांना धक्का.

झालंय असं की ब्लूबेरीच्या मूळच्या उत्तरेकडच्या जातींना सात अंशांच्या खालची थंडी आठशे-हजार तास लागते, तेव्हा कुठं कळ्या उमलतात. आपल्याकडं पहाटेचा पारा चौदा-पंधरावर आला की आपण कानटोपी काढतो. म्हणजे ती जात इथं आयुष्यभर नुसती पानं हलवत उभी राहील. म्हणून जात बघूनच घ्यायची. अमेरिकेच्या दक्षिणेत तिथल्या गरम भागातल्या रानटी जातीशी संकर करून कमी थंडीच्या जाती काढल्या, बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, एमराल्ड, ज्युएल वगैरे. बिलॉक्सी १९९८ साली मिसिसिपीतून आली आणि तिनं कमाल केली ती पेरू देशात, तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळवंटात जिथं थंडी जवळजवळ नाहीच. आज जगात सगळ्यात जास्त ब्लूबेरी बाहेर पाठवणारा देश पेरू आहे. गंमत म्हणजे अशा हवेत झाड पानं गाळतच नाही, वर्षभर हिरवं राहतं आणि तसंच फळतं.

माझी जी जगली ती बिलॉक्सीच. जानेवारीत फुलं, मार्चच्या शेवटी फळं. खरी परीक्षा त्यानंतर, एप्रिल-मेला. गच्चीचा स्लॅब तापतो आणि काळी ग्रो बॅग आतनं शिजते. सकाळचं ऊन द्या, दुपारी बारानंतर हिरवी शेडनेट, कुंडी विटांवर उचलून ठेवा, आणि वर तीन इंच उसाचं पाचट पसरा. पाचट तर आपल्याकडं रस्त्यावर पडलेलं असतं, लोक जाळतात ते, त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं आच्छादन नाही. पन्हाळ्याला ज्यांचं घर आहे त्यांना हे सगळं निम्म्यानं सोपं, तिथं हवा पण थंड आणि तांबडी माती पण आंबटाकडं झुकलेली.

पावसाळ्यात रोप अचानक मान टाकून मेलं. उपटलं तर मुळं काळी आणि कुंडीत पांढऱ्या जाड अळ्या.
— गारगोटी

तुमच्याकडं दोन संकटं एकदम आली. काळी, वास येणारी मुळं म्हणजे पाणी तुंबून कुजली. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकायची, आणि सलग झड लागली की कुंडी पत्र्याखाली सरकवायची. ओल हवी पण मुळं पोहायला नकोत.

अळ्या म्हणजे हुमणी किंवा तिचीच भावंडं, उसवाल्यांना सांगायला नको. त्या कच्च्या शेणखतातून येतात. ब्लूबेरीला शेणखत घालू नका म्हणते त्याला हे पण एक कारण, केसमुळं नसलेली ही चार मुळं अळी एका आठवड्यात संपवते. पुढच्या वेळी मिश्रणात मेटारायझियम मिसळा, तीच बुरशी जी उसातल्या हुमणीला वापरतात.

भरपूर फुलं आली, सगळी गळाली. एकही फळ नाही. दृष्ट लागली म्हणतात घरातले.
— कसबा बावडा

दृष्ट नाही, माशी लागली नाही. या फुलातला पराग मिठाच्या डबीसारखा आत बंद असतो, बारीक भोकातून बाहेर पडतो, कुणीतरी गदागदा हलवलं तरच. तिकडं अमेरिकेत हे काम मोठाल्या केसाळ भुंगेमाश्या करतात, फुलाला लटकून अंग थरथरवतात. साध्या मधमाशीला हे जमत नाही, ती येते, जाते, थोडंफार होतं. आपल्याकडं लाकूड पोखरणारा तो मोठा काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली एक छोटी माशी, या दोघांना थरथरवता येतं. तुळस, सब्जा, तूर असं काहीतरी फुलणारं शेजारी ठेवा म्हणजे त्या येतील.

नाही आल्या तर बॅटरीवर चालणारा टूथब्रश घ्या, फुलाच्या देठाला मागनं टेकवा, दोन-तीन सेकंद, सकाळी दहा-अकराला. मी करते, समोरच्या इमारतीतले लोक बघतात, बघू देत. आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जातींची रोपं हवीत, एकमेकांचा पराग मिळाला की फळ मोठं धरतं. माझ्याकडं एकच उरलं म्हणून तर सतरावर थांबलं.

तुमचं रोप पहिल्या वर्षाचं असेल तर फुलं गळाली ते बरंच झालं, नाहीतर मीच खुडा म्हणाले असते. पहिली दोन वर्षं फुलं खुडून झाड वाढवायचं, फळ तिसऱ्या वर्षी. मन घट्ट करायला लागतं हे मान्य.

अडीच एकर आहे, पैकी एक एकर ऊस काढून ब्लूबेरी करावी म्हणतोय. दुकानात सव्वाशे ग्रॅमची डबी तीनशेला बघितली. माती परीक्षणात पीएच ८.४ आलाय, थोडी क्षारपड आहे.
— शिरोळ तालुक्यातून

दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. करू नका. ८.४ ची क्षारपड जमीन ब्लूबेरीसाठी आणायची तर मातीच बदलावी लागेल. जे लोक मोठ्या प्रमाणात करतात ते जमिनीत लावतच नाहीत, हजारो कुंड्या, विकतचं माध्यम, आम्ल सोडलेलं ठिबक, वर जाळी, आणि फळ तोडल्यापासून थंड गाडी. डबीवरचे तीनशे दिसतात, त्याच्या मागचं हे दिसत नाही. दोन कुंड्या दारात लावा, तीन वर्षं सांभाळा. पहिलं काम मात्र पाण्याचा निचरा आणि जमिनीतले क्षार, ते केलंत तर ऊसच वाढेल.

आजी, ब्लूबेरीचा शोध कोणी लावला?
— इयत्ता चौथी, शाहूपुरी

फळ अमेरिकेतल्या रानात होतंच, तिथले मूळ रहिवासी कधीपासून खात होते. पण बागेत लावलं की मरायचं, आणि का मरतं ते कुणाला कळेना. फ्रेडरिक कोविल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं शोधून काढलं की याला आंबट माती लागते आणि १९१० साली ते छापलं. ते न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी वाचलं आणि त्यांना आपल्या शेतावर बोलावलं. मग बाईंनी रानात फिरणाऱ्या लोकांना भोक पाडलेली पट्टी दिली, भोक साधारण १६ मिलिमीटरचं, आणि सांगितलं की ज्या झुडपाचं फळ या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप मला दाखवा, पैसे देते. अशी मोठ्या फळांची झुडपं जमवून १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं. ज्या माणसानं एक झुडूप शोधलं त्याचं नाव रूब लीक, त्याच्या नावावरनं त्या जातीचं नाव रुबेल पडलं. तू करवंदाला जाशील तेव्हा असं एक भोक पाडलेलं पुठ्ठं घेऊन जा, आणि सगळ्यात मोठं करवंद कुठल्या जाळीला ते मला लिहून पाठव.

आपल्या निलगिरीत पण ब्लूबेरीच्या गोतातली रानटी झाडं आहेत, हे मोठं झाल्यावर बघायला जा.

फळं निळी झाली म्हणून तोडली, आंबटढाण निघाली. दोन दिवस तांदळात ठेवली तरी तशीच.
— साने गुरुजी वसाहत

आंब्यासारखी ती अढीत पिकत नाहीत. तोडलं त्या क्षणाला जेवढं गोड तेवढंच. निळं झाल्यावर अजून चार-पाच दिवस झाडावर ठेवा, देठाजवळ तांबूस कडा उरली नाही आणि अंगठ्यानं नुसतं लोटलं की हातात आलं, तेव्हा तयार. वरची पांढरी भुकटी म्हणजे औषध नाही, फळाचंच मेण आहे, खायच्या वेळीच धुवा.

पण या चार-पाच दिवसांत बुलबुल तुमच्यापेक्षा लवकर उठतो. मी तेवीस मोजली होती. जाळी मी दुसऱ्या दिवशी लावली.